दाढ काढण्याआधी जरा थांबा : जबड्याचा सांधा आणि लाळग्रंथी यांची ओळख



मागच्या तीन-चार महिन्यांत गटांच्या बैठकांना गेले की एक तक्रार सारखी कानावर येते. "ताई, हे इथं कानापुढं दुखतंय." कुणी गालाला हात लावून दाखवतं, कुणी कानाखाली. कुणाला वाटतं कान आला, कुणाला वाटतं दाढ किडली, आणि कुणी काही न बोलता मनातल्या मनात सगळ्यात वाईट ते धरून बसतं. म्हणून या अंकात आरोग्याच्या पानावर हाच विषय घेते आहे. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच, पण रक्त कमी असणं आणि बीपी-शुगर यापुढे आपण फारसं बोलत नाही.

मी डॉक्टर नाही. समाजकार्य शिकले आहे. हे सगळं मी शिकले ते आपल्याच एका मावशींबरोबर मुंबईला चार खेपा मारल्या तेव्हा. मावशींनी सांगितलंय, "माझं नाव टाकू नकोस, पण गोष्ट टाक. दुसरीच्या दाढा तरी वाचतील." म्हणून आधी गोष्ट सांगते.

मावशींची गोष्ट

मावशी एका गटाच्या कोषाध्यक्ष. वय पन्नाशीच्या पुढे. आठवड्याच्या बाजारात सुकट-बोंबील आणि कोकम विकतात. गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांचा डावा गाल कानापुढे दुखायला लागला. जांभई दिली की कट्‌ असा आवाज यायचा. सकाळी उठल्यावर जबडा जखडलेला असायचा. बैठकीत त्यांनी मला सांगितलं, तेव्हा मी काय केलं? "मीठ-पाण्याच्या गुळण्या करा मावशी, दाढ असेल," म्हणाले आणि माझ्या वहीत "दातदुखी" असं लिहून मोकळी झाले. ही माझी चूक. ती इथे लिहायलाच हवी.

पुढे मावशी एका खाजगी दातांच्या दवाखान्यात गेल्या. तिथे एक दाढ काढली. दुखणं तसंच. महिन्याभराने दुसरी काढली. दुखणं तसंच. या दोन दाढांसाठी आणि औषधांसाठी त्यांनी गटातून कर्ज न मागता बाहेरून, महिन्याला शेकडा पाच रुपयांनी पैसे उचलले. का? तर "कोषाध्यक्षानंच कर्ज मागितलं तर बायका काय म्हणतील?"

मग दुसरंच सुरू झालं. जेवायला बसलं की जबड्याखाली डाव्या बाजूला लिंबाएवढी सूज यायची. तासा-दोन तासांत उतरायची. परत जेवायला बसलं की परत. मावशींनी जेवणच कमी केलं. शेजारणीने सांगितलं, "अगो, गाठ म्हणजे ती भानगड असते." मावशींनी घरात कुणाला काही सांगितलं नाही, पण एके दिवशी गटाचं पासबुक आणि कॅशबुक आणून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, "दुसरी कोण तरी बघा. माझं काय खरं नाय." तेव्हा कुठे मी त्यांचं तोंड नीट बघितलं. खरं सांगते, तोवर मी त्यांच्या फक्त सह्या बघत होते.

मावशींचे भाऊ लालबागला चाळीत राहतात. गिरणी होती तेव्हापासूनची खोली. रात्रीच्या एसटीने आम्ही पहाटे परळ आगाराला उतरलो, त्यांच्याकडे चहा घेतला आणि मुंबईतल्या एका मोठ्या दवाखान्यात केसपेपर काढला. दाताच्या विभागातल्या तरुण डॉक्टरबाईंनी आधी मावशींना बोलू दिलं. मग कानापुढे दोन बोटं ठेवून तोंड उघडायला-मिटायला लावलं. मग हातमोजा घालून जिभेखाली बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला एक नाही, दोन दुखणी आहेत. एक सांध्याचं, एक लाळेच्या ग्रंथीचं. आणि दोन्हीपैकी एकही दाढेचं नाही."

सोनोग्राफीत जबड्याखालच्या लाळग्रंथीच्या नळीत खडा दिसला. जिभेखालची जागा बधिर करून तो तोंडातूनच काढला. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्यांनी तो कागदात बांधून आणलाय, बैठकीत सगळ्यांना दाखवतात. सांध्याचं दुखणं मात्र गोळीने एका रात्रीत जात नाही. ते हळूहळू, सवयी बदलून कमी झालं. पुढे सांगते.

कानापुढे नेमकं असतं काय?

आत्ता वाचता वाचता दोन्ही हातांची पहिली दोन बोटं कानाच्या भोकाच्या अगदी पुढे ठेवा आणि तोंड सावकाश उघडा-मिटा. बोटाखाली काहीतरी पुढे सरकून मागे येतं ना? तो जबड्याचा सांधा. दोन्ही बाजूंना एक-एक. दाराची बिजागरी फक्त फिरते, पण हा सांधा फिरतोही आणि पुढे सरकतोही. दोन हाडांच्या मध्ये एक मऊ चकती असते. ती जागेवरून थोडी सरकली की कट्‌कट्‌ आवाज येतो. नुसता आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, तर घाबरायचं कारण नाही. पुष्कळ माणसांना तो येतो.

आता दात घट्ट आवळा. गालावर, जबड्याच्या कोनापाशी, टणक फुगवटा लागतो. तो चावण्याचा स्नायू. ज्या बाया झोपेत दात खातात किंवा ताणात दात आवळून बसतात, त्यांचा हा स्नायू दुखतो. कधी कधी व्यायाम केलेल्या दंडासारखा मोठाही होतो. मग लोकांना वाटतं गाल सुजला.

या स्नायूच्या वरच, कानाच्या पुढे आणि खाली, आपली सगळ्यात मोठी लाळग्रंथी असते. लहान मुलांना गालगुंड होतात तेव्हा हीच सुजते. दुसरी जोडी जबड्याच्या हाडाखाली असते. तिसरी जिभेखाली. या तीन जोड्या मोठ्या. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या आत शेकडो बारीक ग्रंथी पसरलेल्या असतात. सगळ्या मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. कानापुढच्या ग्रंथीची नळी चावण्याच्या स्नायूवरून गालात शिरते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. जीभ तिथे फिरवली तर बारीकसा उंचवटा लागतो. बऱ्याच जणी तो फोड समजतात. तो फोड नाही, लाळेचं नळकोंडं आहे.

म्हणजे बघा. एका बोटाच्या अंतरात सांधा, स्नायू, लाळग्रंथी, कान आणि वरच्या-खालच्या दाढा. एकीचं दुखणं दुसरीकडे जाणवतं. म्हणून आपल्यालाच काय, घाईत असलेल्या डॉक्टरांनाही चकवा बसतो.

ओळखायचं कसं?

नक्की निदान डॉक्टरांनीच करायचं. पण आपण चार गोष्टी नीट सांगितल्या तर त्यांचंही काम सोपं होतं. परळहून परत येताना मी त्या वहीत उतरवून घेतल्या.

सांध्याचं किंवा स्नायूचं दुखणं असेल तर : चावताना, जांभई देताना, खूप बोलल्यावर वाढतं. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो. आवाज येतो, कधी जबडा अडकतो. कानशिलं आणि मानही दुखते. बाहेरून सूज सहसा दिसत नाही.

लाळग्रंथीत खडा किंवा अडथळा असेल तर : जेवताना, नाहीतर नुसतं लिंबू, लोणचं डोळ्यांसमोर आलं तरी सूज येते आणि ताणल्यासारखं दुखतं. जेवण झाल्यावर हळूहळू उतरते. लाळ यायला बघते आणि वाट बंद असते, म्हणून असं होतं. खडे बहुतेक वेळा जबड्याखालच्या ग्रंथीत होतात. कारण तिची लाळ दाटसर असते आणि नळी खालून वर चढते.

ग्रंथीत पू झाला असेल तर : सूज उतरत नाही, कातडी लाल आणि गरम होते, ताप येतो, तोंडात घाण चव येते.

दाढेचं असेल तर : बहुधा एका दाढेवर बोट ठेवता येतं. गार-गरम लागलं की कळ येते, दाढेवर ठोकलं की दुखतं, रात्री ठणकतं.

मावशींना हे सगळं आधी माहीत असतं, तर "दाढेवर ठोकून बघा, एक्स-रे काढा, मग काढा," असं त्या म्हणू शकल्या असत्या. विचारायला लाजायचं नाही. "डॉक्टर, ही दाढ खराब आहे हे कशावरून?" हा प्रश्न म्हणजे उद्धटपणा नाही. तो आपला हक्क आहे.

सांधा बिघडला की लाळही का कमी होते?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सांधा आणि लाळग्रंथी ही दोन वेगळी घरं आहेत. एकाला आग लागली म्हणून दुसरं जळतंच असं नाही. पण मध्ये काही वाटा आहेत.

पहिली वाट चावण्याची. आपण चावतो तेव्हा लाळ सुटते आणि नळ्या धुऊन निघतात. जबडा दुखतो म्हणून मावशी महिनोन्‌महिने पेज आणि चहात बुडवलेलं बटर खात होत्या. चावणं कमी, लाळ कमी. साचलेली लाळ दाट होते.

दुसरी वाट पाण्याची. इथे मी डॉक्टरबाईंना सांगितलेलं ऐकून त्या गप्पच झाल्या. मावशी बाजाराच्या दिवशी सकाळपासून दुपारी तीनपर्यंत पाणीच पीत नाहीत. कारण बाजारात बायकांसाठी संडास नाही. ही काही एकट्या मावशींची गोष्ट नाही. आपल्यातल्या किती जणी बाजाराला, मोर्च्याला, एसटीच्या प्रवासाला निघताना मुद्दाम पाणी टाळतात? शरीरात पाणी कमी असलं की लाळ दाटते. अशा तुंबलेल्या, दाट लाळेत खडा धरायला आणि जंतू वाढायला वाव मिळतो.

तिसरी वाट औषधांची. जबड्याचं जुनं दुखणं असलं की नसा शांत व्हाव्यात, झोप लागावी म्हणून काही गोळ्या देतात. त्यातल्या काहींनी तोंडाला कोरड पडते. सर्दी-ॲलर्जीच्या, काही बीपीच्या, लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांनीही पडते. मावशींना पूर्वी कुणीतरी अशी रात्रीची गोळी दिली होती आणि कागद हरवला तरी दुकानातून पान दाखवून त्या ती आणत होत्या. अशी गोळी आपल्या मनाने सुरू ठेवायची नाही आणि एकदम बंदही करायची नाही. डॉक्टरांना पान दाखवायचं आणि "तोंड फार कोरडं पडतं" एवढं सांगायचं. ते मात्रा कमी करतात किंवा गोळी बदलतात.

चौथी वाट सांधेवाताची. हाता-पायाचे सांधे सकाळी जखडणारा जो वात असतो, तो कधी जबड्याच्या सांध्यालाही धरतो. अशा काही बायकांना आणखी एक त्रास होतो. शरीराची स्वतःची संरक्षणाची ताकदच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, भाकरी पाण्याशिवाय गिळत नाही, दात भराभर किडतात. या आजाराला शोग्रेन म्हणतात. तो होणाऱ्या दहा जणांत साधारण नऊ जणी बायका असतात, बहुधा चाळिशीच्या पुढच्या. रक्ततपासणीने आणि आणखी काही तपासण्यांनी तो कळतो. डोळे, तोंड आणि सांधे, तिन्ही एकत्र कुरकुरत असतील तर डॉक्टरांना तिन्ही एकत्र सांगा. आपण डोळ्यांचं डोळ्यांच्या शिबिरात सांगतो आणि दातांचं दातवाल्याला. मग कुणालाच पूर्ण चित्र दिसत नाही.

मधुमेहातही साखर वाढलेली असली की तोंड सुकतं, आणि काही जणांच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी न दुखता फुगतात. म्हणून साखर तपासून घ्यावी.

तोंडच उघडत नाही? मग सुपारी आठवा

दुसऱ्या खेपेला आमच्याबरोबर आणखी एक ताई आल्या होत्या. वय पस्तीस. त्यांचं म्हणणं, "माझा पण सांधाच असेल." पण त्यांचा सांधा हाताला व्यवस्थित लागला. घट्ट झाली होती ती गालांच्या आतली कातडी. पांढुरकी, दोरीसारखे पट्टे आलेली. तिखट लागलं की आग आग. जिभेला पूर्ण बाहेर येता येईना. कारण सुपारी. लग्नाआधीपासून दिवसाला चार-पाच वेळा.

सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू आवळत जाते. गुटखा आणि मावा यांत सुपारी असतेच. सुरुवातीला तोंडाला सारखं पाणी सुटतं, नंतर उलट तोंड कोरडं पडतं. म्हणून हाही त्रास कधी सांध्याच्या, कधी लाळेच्या नावावर खपून जातो. आवळलेली कातडी पूर्ववत होणं कठीण असतं, आणि अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका वाढतो. सुपारी सोडली आणि तोंडाचे व्यायाम केले तर आजार तिथे थांबवायचा प्रयत्न करता येतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात हे मात्र आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि मिश्री. "मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते," असं सांगणाऱ्या बाया मला प्रत्येक गावात भेटतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. माझी आजी लावायची, म्हणून मला ती सवय किती घट्ट असते ते कळतं. आजीला कुणी ओरडून ती सुटली नाही. एकटीने सोडणं अवघड जातं, दोघी-तिघींनी मिळून ठरवलं तर जमतं. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची मोफत फोनसेवा आहे : १८००-११-२३५६.

तीन बोटांची चाचणी

आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकत्र उभी धरा. तोंड उघडून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये ती बसतात का बघा. बसली तर ठीक. दोनच बसत असतील तर तपासून घ्या. कारण सांध्याचं असेल, सुपारीचं असेल, अक्कलदाढेचं असेल, पण काहीतरी आहे. पैसा लागत नाही, मशीन लागत नाही. येत्या बैठकीत सगळ्या जणींनी हसत-खेळत करून बघा.

घरी काय करायचं?

सांधा आणि स्नायू दुखत असेल तर :

- दोन-तीन आठवडे मऊ खा. भात-आमटी, खिचडी, मऊ भाकरी कुस्करून. पण नुसत्या पेजेवर राहू नका. ऊस, चणे-फुटाणे, सुकं खोबरं, चिवट मटण सध्या नको. एकाच बाजूने चावू नका.
- ओठ मिटलेले, दात सुटे. हे दिवसातून वीसदा आठवा. जेवताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकलेले असायची गरज नसते. मावशींनी दळणाच्या डब्यावर खडूने फुली मारली आहे. ती दिसली की दात सोडायचे.
- गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने दहा-पंधरा मिनिटं शेक. कातडी भाजेल एवढं गरम नको.
- जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा.
- डोक्यावर, कडेवर, दातात धरून ओझी वाहू नका. हो, पिशवीची गाठ आणि सुतळी आपण दातानेच सोडवतो!
- दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी आणि आठवडेच्या आठवडे नको. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

सांध्याचा त्रास बायकांत पुरुषांपेक्षा जास्त दिसतो, आणि बहुतेकींचा अशा साध्या उपायांनी कमी होतो. त्यासाठी चांगल्या दाढा काढायला किंवा घासायला लागत नाहीत.

तोंड कोरडं पडत असेल, लाळग्रंथी तुंबत असेल तर :

- दिवसभर थोडं थोडं पाणी प्या. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.
- खडा असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर त्यांना विचारून लिंबाची फोड चोखणं, शेक आणि बोटाने हलकं चोळणं करता येतं. बारीक खडा त्याने कधी आपोआपही पडतो. ताप असेल, पू असेल तर चोळत बसू नका, दवाखाना गाठा.
- दिवसातून दोनदा दात घासा, मिश्रीने नाही. लाळ कमी असली की दात लवकर किडतात.
- सूज फोडणं, डाग देणं, चुना-बिब्बा लावणं, यातलं काहीही नको. कानापुढच्या ग्रंथीतून चेहरा हलवणारी नस जाते. तिला इजा झाली तर तोंड वाकडं होऊ शकतं.

थांबायचं नाही, लगेच जायचं

- जबडा दुखतोय आणि सोबत छातीत दाब, घाम, दम लागतोय. हे हृदयाचं असू शकतं. १०८ ला फोन करा.
- जखम झाल्यानंतर काही दिवसांनी जबडा घट्ट मिटला, गिळता येत नाही, अंग ताठतंय. धनुर्वात असू शकतो.
- जांभईनंतर तोंड उघडंच राहिलं, मिटत नाही.
- जबड्याखाली सूज वाढतेय, ताप आहे, गिळायला किंवा श्वासाला त्रास होतोय.

आणि आठवड्याभरात दाखवायचं असं : कानापुढे किंवा जबड्याखाली न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ, त्याच बाजूचा चेहरा ढिला पडणं, दोन आठवड्यांत न भरणारं तोंडातलं व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा. कानापुढच्या ग्रंथीतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण "नसेल" हे सुईच्या तपासणीने ठरवायचं, घरात बसून नाही. आणि असलाच, तर लवकर कळल्याचा फायदा फार मोठा असतो.

जायचं कुठे, खर्चाचं काय?

आधी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय. अनेक ग्रामीण रुग्णालयांत दातांचे डॉक्टर असतात, आपण विचारतच नाही. माहितीसाठी १०४ हा आरोग्याचा क्रमांक आहे. तिथून पुढे पाठवलं तर मुंबई. मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय, परळला १९२६ सालापासूनचं केईएम. कर्करोगाची शंका असेल तर परळचंच टाटा मेमोरियल, १९४१ साली सुरू झालेलं. मुक्कामाला नातेवाईक नसतील तर दादरला कर्करोगाच्या रुग्णांसाठी संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. दोन्हीकडे गर्दी असते, म्हणून दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात आधी भेटा. तिथे बसलेली माणसं माझ्यासारखीच समाजकार्य शिकलेली असतात आणि त्यांना विचारायला पैसे पडत नाहीत.

सोबत न्यायचं : आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने सगळे कागद आणि एक्स-रे, चालू गोळ्यांची पानं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दाखल होऊन होणारे ठरावीक उपचार आणि शस्त्रक्रिया बसतात, नुसती ओपीडी बसत नाही. आपलं बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. एसटीला १७ मार्च २०२३ पासून आपल्याला निम्मंच तिकीट आहे. तेवढाच हातभार.

लालबागच्या चाळीत रात्री मावशींच्या वहिनी सांगत होत्या, त्यांच्या सासूबाई गिरणी कामगारांना डबे करून घालायच्या. वाण्याचं आणि सावकाराचं देणं कधी फिटायचंच नाही. अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, आणि त्या बायका बँकेच्या कर्जाला पात्र ठरल्या. मला तेव्हा वाटलं, पन्नास वर्षं होत आली, आपल्याकडे गट आहे, ग्रामसंघ आहे, जोखीम प्रवणता निधी आहे, आणि तरी आपली कोषाध्यक्ष दाढ काढायला शेकडा पाचने पैसे उचलते. आजारपणाचं कर्ज मागताना लाज वाटावी असं वातावरण आपल्या गटात असेल, तर ते आपल्यालाच बदलायला हवं. मावशींच्या गटाने ते केलं. बाहेरचं देणं फेडायला गटाने त्यांना अंतर्गत कर्ज दिलं. ठराव मावशींनीच लिहिला, कारण कॅशबुक अजून त्यांच्याकडेच आहे.

मावशी आता कशा आहेत? जेवताना सूज येत नाही. सांधा थंडीत आणि हिशेब जुळत नाही त्या दिवशी दुखतो, मग त्या शेक घेतात. दोन दाढा गेल्या त्या गेल्या. त्या बाजूने त्यांना चावता येत नाही. आणि बाजारात बायकांसाठी संडास व्हावा म्हणून प्रभागसंघाने ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे. पहिली सही मावशींची.

येत्या बैठकीत प्रत्येक गटाने तीन गोष्टी कराव्यात ही विनंती. एक, तीन बोटांची चाचणी. दोन, ज्यांची बोटं बसत नाहीत किंवा वर सांगितल्यापैकी काही त्रास आहे, त्यांची यादी सीआरपी ताईंकडे द्यावी. तीन, आपल्या बाजाराच्या ठिकाणी बायकांची सोय आहे की नाही ते इतिवृत्तात लिहावं. माझ्या वहीत आता "दातदुखी" असं नुसतं लिहिलेलं सापडणार नाही. कुठे, कधी, कशाने वाढतं, ते विचारूनच लिहीन. तुम्हीही तसंच सांगा.

— तुमची क्षेत्र समन्वयक